खिळा लागला की टीटी, आणि घटसर्प मात्र राहूनच जातो

घटसर्प म्हटलं की आमच्या गावाकडे आधी बैल आठवतो. पावसाळ्याच्या तोंडावर गुरांचे डॉक्टर येतात, घटसर्प-फऱ्याची लस टोचतात, आणि ज्याच्या दावणीला एकच गाय आहे तो माणूससुद्धा ती लस चुकवत नाही, कामाचा खाडा करून गाय धरून उभा राहतो. माणसांचा घटसर्प म्हणजे डिप्थीरिया, त्याचा जंतू पूर्ण वेगळा, नाव तेवढं सारखं. पण ह्या माणसांच्या घटसर्पाचं सोळाव्या वर्षीचं इंजेक्शन तुमच्या घरातल्या पोराला दिलंय का असं विचारलं तर दहातल्या आठ घरांत एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. आणि चाळिशीतल्या माणसाला विचारायलाच नको, कारण त्याला कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

मी बरीच वर्षं मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पेपरातली बातमी नाही. 2019 च्या आधीची एक गोष्ट सांगते. एका वसतिगृहातली चौदा वर्षांची मुलगी आली, आठवडाभर घसा दुखतोय, बाहेर कुठेतरी टॉन्सिल्स म्हणून गोळ्या दिलेल्या. आमच्याकडे आली तेव्हा मान दोन्ही बाजूंनी इतकी सुजलेली की हनुवटी आणि छाती ह्यात फरकच कळत नव्हता, ह्याला पुस्तकात बैलाची मान म्हणतात. घशात करडा पडदा, स्वॅबने हलवायला गेलं की कडेने रक्त यायचं. स्वॅब लॅबमध्ये आला, जंतू रंगवून बघायचा अल्बर्ट स्टेन केला, आणि मायक्रोस्कोपखाली घटसर्पाच्या जंतूच्या त्या हिरवट काड्या, टोकांना निळे-काळे ठिपके, एकमेकींना तिरक्या टेकलेल्या, जणू कुणीतरी काड्यापेटी सांडलीय. मी इतकी वर्षं ती स्लाईड विद्यार्थ्यांना दाखवण्यापुरतीच बघितली होती. त्या दिवशी ती एका जिवंत मुलीच्या घशातून आली होती.

अँटिटॉक्सिन, म्हणजे ह्या जंतूचं विष अडवणारं औषध, आमच्याकडे नव्हतं. फोनाफोनी झाली, दुसऱ्या शहरातून आणायला माणूस गेला, ते पोचायला दुसरा दिवस उजाडला. मुलगी वाचली, पण पुढे काही आठवडे पाणी प्यायली की नाकातून बाहेर यायचं, कारण विषाने टाळूच्या नसा लुळ्या पडल्या होत्या, आणि तिची आई दर घोटाला तिच्या नाकाखाली ओढणी धरून बसायची.

आता मुद्दा इथे आहे. तिचं लसीचं कार्ड आईने पिशवीतून काढून दाखवलं. लहानपणीचे तीनही डोस होते, दीड वर्षाचा होता, पाच वर्षांचा होता. दहाव्या वर्षी शाळेत इंजेक्शन दिलेलं होतं, टीटी. सायकलवरून पडून गुडघा फुटला तेव्हा परत एक इंजेक्शन, टीटी. म्हणजे पाच वर्षांनंतर त्या पोरीच्या दंडात दोनदा सुई गेली आणि दोन्ही वेळा फक्त धनुर्वाताची लस गेली, घटसर्पाची गेलीच नाही. आईबापांनी काहीही चुकवलं नव्हतं. जे सांगितलं ते सगळं त्यांनी केलं होतं.

म्हणून मला एवढंच म्हणायचंय की नुसती टीटी द्यायची पद्धत आता सगळीकडून पूर्ण बंद झाली पाहिजे, सरकारी, खाजगी, कारखान्यातला दवाखाना, गल्लीतला डॉक्टर, सगळीकडे, आणि तिच्या जागी टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींची एकत्र लस, आली पाहिजे, आणि दहाव्या-सोळाव्या वर्षीचा डोस बाळाच्या डोसइतक्याच काटेकोरपणे मोजला गेला पाहिजे. ही मागणी छोटी वाटेल पण ती कुठून आली हे समजायला आधी जंतूकडे आणि मग रशियाकडे जावं लागेल.

घटसर्पाचा जंतू, कॉरिनेबॅक्टेरियम डिप्थेरी, हा स्वतः तसा मारक नाही. मारक आहे तो त्याने सोडलेला विषारी पदार्थ, आणि त्या विषाचं जनुक, टॉक्स नावाचं, जंतूचं स्वतःचं नाहीच, ते त्याच्यात शिरलेल्या एका व्हायरसचं आहे. जंतूंनाही व्हायरस होतात, त्यांना फेज म्हणतात. 1951 साली फ्रीमन नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की निरुपद्रवी जंतूला हा फेज लागला की तोच जंतू विष बनवायला लागतो. विष बनवायचं की नाही ह्याचं बटण मात्र जंतूच्या स्वतःच्या एका जनुकाकडे असतं, आणि ते आजूबाजूला लोह किती आहे त्यावर चालतं, लोह कमी पडलं की बटण चालू. आपल्या घशात मोकळं लोह जवळपास नसतंच, म्हणजे बटण चालूच. आणि हे विष इतकं जहाल की त्याचा एक रेणू पेशीच्या आत पोचला तरी ती पेशी मरते, तिचं प्रथिनं बनवायचं कामच थांबतं.

आपली लस ह्या विषाविरुद्ध आहे, जंतूविरुद्ध नाही. हे वाक्य सगळ्यांनी नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभंय. लस घेतलेल्या माणसाच्या घशातही जंतू राहू शकतो, तो दुसऱ्याला देऊ शकतो, फक्त कमी प्रमाणात. जुन्या-नव्या साथींचे आकडे एकत्र करून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की तीन डोस पूर्ण झाले असतील तर आजारापासून संरक्षण 87 टक्के, पण पसरणं कमी होतं ते साधारण 60 टक्क्यांनी. म्हणजे जंतू गावात शांतपणे फिरत राहतो आणि ज्याची प्रतिकारशक्ती उतरलीय त्याला शोधून काढतो. आणि ही प्रतिकारशक्ती उतरतेच. पूर्वी लस नव्हती तेव्हा जंतू सगळीकडे असायचा, वाचलेल्यांना तो पुन्हा पुन्हा भेटायचा, अंगावरच्या जखमांतूनसुद्धा शिरायचा, त्यामुळे मोठी माणसं आपोआप पक्की व्हायची. लस आली, जंतू दुर्मिळ झाला, ही चांगलीच गोष्ट झाली, पण मोठ्यांना मिळणारा तो फुकटचा बूस्टर बंद झाला. तो कुणीतरी सुईने द्यायला हवा होता.

रशियात तो दिला गेला नाही. सोव्हिएत युनियनमध्ये सत्तरच्या दशकात घटसर्प जवळपास संपला होता, एवढ्या मोठ्या देशात वर्षाला काहीशे केसेस. मग ढिलाई आली. लस देऊ नये अशा कारणांची यादी लांबत गेली, पोराला साधी ॲलर्जी आहे, वारंवार सर्दी होते, तरी लस पुढे ढकलायची, लहान मुलांना कमी ताकदीची मोठ्यांची लस चालते असं ठरलं, लसीविरुद्ध पेपरांतून लिहून यायला लागलं, आणि मोठ्या माणसांचा विचार तर कुणी केलाच नाही. 1990 मध्ये रशियात बाराशेच्या आसपास केसेस झाल्या. 1993 मध्ये पंधरा हजार. 1994 मध्ये जवळपास चाळीस हजार. तोपर्यंत देश फुटला होता, दवाखान्यांना पैसे नव्हते, लोक इकडून तिकडे जात होते, आणि साथ युक्रेन, ताजिकिस्तान, जॉर्जिया, अर्मेनिया करत सगळ्या तुकड्यांमध्ये पोचली. 1990 ते 1998 मिळून 1,57,000 च्या वर केसेस आणि 5,000 च्या वर मृत्यू. ज्या रोगाला आपण लहान मुलांचा रोग म्हणतो त्यात बहुतेक रुग्ण पंधरा वर्षांच्या वरचे होते, आणि चाळिशीतल्या लोकांचे फार हाल झाले, कारण ती पिढी अशा वेळी जन्मली की जंतू कमी झालेला होता आणि लस पूर्ण पोचलेली नव्हती.

साहजिकच तेव्हा सगळ्यांना वाटलं की हा काहीतरी नवा, भयंकर स्ट्रेन, म्हणजे जंतूचा उपप्रकार, आला असणार. जनुकीय तपासणी झाली. तेव्हा आजच्यासारखं आख्ख्या जिनोमचं, म्हणजे जंतूच्या सगळ्या डीएनएचं, सिक्वेन्सिंग नव्हतं, रायबोटायपिंग करायचे, म्हणजे जंतूचा डीएनए कापून त्याच्या पट्ट्यांचा ठसा बघायचे. त्यात खरंच दिसलं की साथीतले बहुतेक जंतू एकाच गोतावळ्यातले आहेत, त्यातल्या दोन मुख्य ठशांना पुढे सांक्त-पीटरबर्ग आणि रोसिया अशी नावंही मिळाली. म्हणजे एक स्ट्रेन जोरात होता हे खरं. पण त्याच जंतूंचं टॉक्स जनुक वाचलं तेव्हा त्यात जे बदल सापडले ते सगळे मुके होते, अक्षरं बदललेली पण बनणारं प्रथिन तेच. विष अजिबात बदललं नव्हतं. जी लस आधी चालत होती तीच लस ह्या स्ट्रेनवरही चालणार होती, आणि चाललीच, मोठ्यांसकट सगळ्यांना लस द्यायच्या मोहिमा झाल्या आणि आकडे खाली आले.

मला हा शोध फार महत्त्वाचा वाटतो आणि त्याची पुरेशी चर्चा होत नाही. साथ आली की आपला पहिला प्रश्न असतो, कुठला स्ट्रेन, कुठून आला, कुणी आणला. हाच स्ट्रेन फिनलंडमध्ये गेला, पोलंडमध्ये गेला, जर्मनीत गेला, प्रवाशांबरोबर गेलाच, सीमा काही त्याला अडवत नव्हती, पण तिथे मोजक्या केसेस होऊन विझला. सेंट पीटर्सबर्गपासून फिनलंड म्हणजे काही तासांचा रस्ता. जंतू तोच, विष तेच, पण तिथे त्याला पसरायला प्रतिकारशक्ती नसलेली पुरेशी माणसं मिळाली नाहीत.

कुणी आणला ह्या प्रश्नाचं अलीकडचं उदाहरण युरोपातलंच आहे. 2022 मध्ये तिथे घटसर्पाच्या केसेस अचानक वाढल्या, दहा देशांत मिळून 362 रुग्ण अभ्यासात आले, जवळपास सगळे नव्याने पोचलेले निर्वासित तरुण, निम्मे तर अठरा किंवा त्याहून कमी वयाचे, आणि बहुतेकांना घशात नाही तर कातडीवरच्या जखमांमध्ये हा जंतू. लगेच चर्चा सुरू झाली की हे लोक अफगाणिस्तानातून, सिरियातून रोग घेऊन आले. जिनोम वाचले तर वेगळंच निघालं. वेगवेगळ्या देशांतून निघालेल्या आणि वेगवेगळ्या देशांत पोचलेल्या पोरांच्या जंतूंचे जिनोम एकमेकांशी इतके जवळचे होते की संसर्ग मायदेशी झालाच नसणार, तो झाला वाटेत, गर्दीच्या छावण्यांमध्ये, धुवायला पाणी नाही, कपडे बदलायला नाहीत अशा ठिकाणी. आणि पुढे जर्मनीत बेघर लोकांमध्ये घटसर्प सापडला तेव्हा त्याचं नातंही ह्याच जंतूंशी निघालं. त्यातल्या काही जंतूंमध्ये नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारी जनुकं होती, ही खरी काळजीची गोष्ट.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. दिवाळीनंतर बीडकडून निघालेलं कुटुंब, कोप्यांमध्ये राहतं, पोरांची जन्मनोंद एका तालुक्यात, पहिला डोस दुसऱ्यात, आणि पुढचा डोस येतो तेव्हा ते तिसऱ्याच जिल्ह्यात किंवा थेट कर्नाटकात. वीटभट्ट्यांवर तेच, आश्रमशाळांमध्ये एका खोलीत किती मुली झोपतात ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. उद्या तिथे साथ आली तर "त्या लोकांनी आणली" असं म्हणायला आपण मागेपुढे बघणार नाही, आणि ते चूक असेल. आशाताई आणि सिस्टर जिवाचं रान करतात पण यादीतच नसलेलं पोर त्या शोधणार कशा?

आता भारताचा आकडा सांगते. 2018 मध्ये जगभरात डिप्थीरियाच्या 16,651 केसेस नोंदल्या गेल्या, त्यातल्या 8,788 एकट्या भारतातल्या. निम्म्याहून जास्त. त्याच्या दोन वर्षं आधी केरळमध्ये साथ आली होती, मलप्पुरम आणि आसपासच्या भागात, जिथे शिक्षण, दवाखाने सगळं चांगलं, आणि तिथेही रुग्णांमध्ये दहा वर्षांच्या वरची मुलं आणि मोठी माणसं फार होती. रशियाचीच गोष्ट, फक्त लहान प्रमाणात.

आणि ह्याच देशात पुण्यात बसून आपण जगाला डीटीपी आणि पेंटाव्हॅलंट, म्हणजे घटसर्पाचा डोस असलेल्या बाळांच्या लसी, पुरवतो. सीरम इन्स्टिट्यूटची सुरुवातच घोड्यांपासून झाली, पूनावालांच्या फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला सीरमसाठी दिले जायचे, त्यातून कल्पना आली आणि 1966 मध्ये कंपनी निघाली. लस बनवता येत नाही, परवडत नाही, मिळत नाही, ह्यातलं एकही कारण महाराष्ट्राला सांगता येणार नाही.

टीडी म्हणजे काय ते सोप्या शब्दांत: टी म्हणजे टिटॅनस, धनुर्वात, आणि डी म्हणजे डिप्थीरिया, हा डी इंग्रजीत बारका लिहितात कारण मोठ्यांच्या लसीत त्याचं प्रमाण कमी ठेवलेलं असतं, मोठ्यांना जास्त डोसने हात सुजतो म्हणून. सुई तीच, दंड तोच, फ्रीज तोच. जागतिक आरोग्य संघटनेने टीटीऐवजी टीडी द्या असं 1998 मध्ये सांगितलं. आपल्या सरकारी कार्यक्रमात ती यायला 2019 उजाडलं, दहा वर्षं, सोळा वर्षं आणि गरोदर बायका, ह्या तीन ठिकाणी. आली हे चांगलंच झालं. पण मधल्या एकवीस वर्षांत दहा आणि सोळा वर्षांची झालेली बहुतेक पोरं आज पंचविशीपासून चाळिशीपर्यंत पोचली आहेत, ती आज आईबाप आहेत, शिक्षक आहेत, एसटीचे कंडक्टर आहेत, त्यांच्या अंगात घटसर्पाविरुद्ध जे काही होतं ते पाचव्या वर्षीचं आहे.

ह्यावर डॉक्टर मंडळी एक आक्षेप घेतात तो मला मान्य आहे, की आधी बाळांचे डोस पूर्ण करा, मोठ्यांचं नंतर बघू, पैसा आणि माणसं मर्यादित आहेत. बाळांचे डोस आधीच, शंकाच नाही, मरतात ती मुख्यतः न टोचलेली लहान मुलं. पण मी मोठ्यांसाठी नवी मोहीम मागत नाहीये. खिळा लागला, पत्रा लागला, कुत्रं चावलं, अपघात झाला की आपल्याकडे प्रत्येक माणूस इंजेक्शन घ्यायला जातोच, ही सवय लोकांना लागलेली आहे, आईने, आजीने लावलेली आहे. एवढी तयार वाट असताना त्यावरून निम्माच माल पाठवायचा हा कुठला हिशोब?

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. जगभरातल्या 502 जंतूंचे जिनोम तपासलेल्या एका अभ्यासात, त्यात भारतातले नमुनेही होते, टॉक्स जनुकाची 18 वेगवेगळी रूपं सापडली, आणि त्यातल्या काहींमुळे विषाचा आकारच थोडा बदलू शकेल असं दिसतंय. म्हणजे रशियातले मुके बदल आणि हे, ह्यात फरक आहे. लस आज चालतेय, पण ती कायम तशीच चालेल ह्याची हमी घेऊन बसता येणार नाही. ह्याचं उत्तर लस कमी देणं हे नाही, ह्याचं उत्तर लॅब आहे. आज जिल्ह्याच्या ठिकाणी घटसर्पाचं कल्चर करणारी, म्हणजे जंतू प्लेटवर वाढवून ओळखणारी, किती माणसं उरलीत? स्वॅब घ्यायच्या आधीच अँटिबायोटिक सुरू झालेलं असतं, मग काही उगवत नाही, मग केस "संशयित" म्हणून फाईलला लागते आणि त्या जंतूचा जिनोम कुणालाच कधी दिसत नाही. पीसीआरने टॉक्स जनुक आहे एवढं कळतं, पण जंतू खरंच विष बनवतोय का हे बघायला एलेक टेस्टच लागते: प्लेटमध्ये अँटिटॉक्सिनमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी, तिला आडवी जंतूची रेघ, आणि एक-दोन दिवसांनी जिथे विष आणि अँटिटॉक्सिन भेटतं तिथे तिरकी, केसाइतकी बारीक पांढरी रेषा. ती रेषा बघायला प्लेट दिव्यासमोर तिरकी धरावी लागते आणि डोळ्याला सवय लागते. ती सवय असलेले लोक निवृत्त होतायत.

आणि अँटिटॉक्सिन तर त्याहून वाईट अवस्थेत आहे. बेरिंग आणि किटासातो ह्या शास्त्रज्ञांनी 1890 मध्ये लहान प्राण्यांवर जो मार्ग दाखवला, मुळात त्याच मार्गाने ते आजही बनतं, फक्त घोड्यात: घोड्याला थोडं थोडं विष देत तयार करायचं आणि त्याच्या रक्तातून औषध काढायचं. गिऱ्हाईक कमी म्हणून जगात बनवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पेशीत शिरलेलं विष ते काढू शकत नाही, फक्त रक्तात फिरणारं अडवतं, म्हणून प्रत्येक तासाला किंमत असते. दर विभागात एका ठिकाणी थोडा तरी साठा असलाच पाहिजे आणि तो कुठे आहे हे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला आधीच माहीत पाहिजे, रात्री अकराला फोनाफोनी करून नाही.

मागच्या महिन्यात आमच्या घरी सुतारकाम चालू होतं, माझ्या नवऱ्याच्या तळव्यात खिळा घुसला. जवळच्या दवाखान्यात गेलो, कंपाउंडरने न विचारता टीटीची अँप्यूल काढली. मी म्हटलं, दादा, टीडी आहे का. तो म्हणाला गरोदर बाईची का, ती इथे नसते. खालच्या मेडिकलमध्ये विचारलं, तिथल्या मुलाने फ्रीज उघडून शोधलं आणि म्हणाला, ताई, कुणी मागतच नाही म्हणून ठेवत नाही, सांगितलं तर उद्या मागवतो. मी दोन सांगितल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघांनी घेतल्या, हात दोन दिवस दुखला. परवा त्याच मेडिकलवरून गेले तर तो मुलगा स्वतःहून म्हणाला, ताई, त्या दवाखान्यातल्या सरांनी विचारलं होतं तुम्ही काय मागवलं ते, मी आता चार ठेवल्यात.